परक्या देशातली धुरी

मी तीन देश पाहिले आहेत, असे केजमध्ये सांगितले जाते. सांगणारे बहुधा माझे यजमानच असतात. खत-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकाला ऐकवतात, "आमच्या घरच्यांनी थायलंड केलंय, दुबई केलीय, जर्मनी तर तीन महिने केलीय." गिऱ्हाईक सरकीच्या पिशवीवरचा हात क्षणभर थांबवून आतल्या दाराकडे पाहते. मी तिथे उभी असलेच तर डोक्यावरचा पदर सारखा करते आणि चहाचे कप आत घेऊन जाते. तीन देश केलेली बाई अशीच दिसते.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. ती जर्मनीत असते आणि तिला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. पडद्यावर तिचा चेहरा जरा सुजलेला, त्वचेवर ती गरोदर बाईची तुकतुकी. "आई, या वेळी महिनाभर आधीच ये," ती म्हणाली, आणि मग हसत, "पण धुरीबिरी काही नको हं या वेळी!" तिच्या मागे, चौकटीबाहेर, जावईही हसले.

मी हसले नाही. म्हणाले, "धुरी कोणी मागितली होती, ते त्यांना एकदा सांग. मग मी येते."

 पाण्याचा नळ कोणीतरी बंद केला, तेवढे ऐकू आले.

"आई, तू अजून तेच धरून बसलीस?" ती खालच्या आवाजात म्हणाली आणि पडदा काळा झाला.

तिकीट काढायचे राहिले. ते या एका वाक्यासाठी अडले. वाक्य छोटे आहे, चार-पाच शब्दांचे. ते मला नको आहे, ते मला ठाऊकच आहे. ते तिने तिच्या नवऱ्यासमोर उच्चारायला हवे आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणती आई लेकीच्या बाळंतपणाला नाही म्हणते, असे यजमान आठवडाभर रोज विचारत होते. त्याचे उत्तर द्यायचे तर मला पहिल्या देशापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढे ऐकून घ्यायला त्यांना वेळ नसतो.

पहिला देश थायलंड. खतांच्या कंपन्या दुकानदारांना माल खपवल्याच्या बदल्यात परदेशी सहली देतात. आमच्या तालुक्यात त्याला नुसते 'स्कीम' म्हणतात. एरवी स्कीमला पुरुषच जातात आणि परत येताना सेंटची एकेक बाटली आणि एक विशिष्ट प्रकारचे मौन घेऊन येतात. त्या वर्षी कंपनीने काय मनात आणले कोण जाणे, स्कीम जोडीने निघाली. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवत होते. वर्गात कवितेतल्या समुद्राबद्दल, कवितेतल्या अरण्याबद्दल बोलून बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली होती, आणि प्रत्यक्षात मी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे धरणाचे. मी निघाले तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला होता. नव्या नवरीसारखा, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

आम्ही उतरलो त्या शहराचा वास मला पहिल्या श्वासात भेटला. गवती चहा, तळलेली मासळी, ओला चाफा आणि डिझेल, हे सारे एकाच दमट फडक्यात बांधलेले. नदी तांबूस, जड, पाणवनस्पतींचे हिरवे तुकडे वाहून नेणारी. आमच्या बसच्या काचेतून ती दिसे आणि नाहीशी होई. मला तिच्या काठावर फक्त थोडा वेळ उभे राहायचे होते. मी तसे म्हटलेही. यजमान म्हणाले, "ग्रुप सोडून कुठं जायचं न्हाई. हरवलीस तर कोण हुडकीत बसंल?"

दुपारी पुरुष मंडळी 'मीटिंगला' गेली. आम्हा बायकांना एका प्रचंड, थंडगार बाजारात सोडून दिले. कारंज्याशेजारच्या बाकांवर आम्ही ओळीने बसलो. कुणी पिशवीतून दशम्या काढल्या, कुणी शेंगदाण्याची चटणी. चौसाळ्याच्या एका दुकानदाराची बायको माझ्या शेजारी होती. पायातले बूट काढून तिने पाय बाकावर घेतले होते.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. मला येक सांगा," ती म्हणाली. "मीटिंगला जाताना कुणी दाढी करून सेंट मारून जातं व्हय?"

सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "आमचे तर नवं बनियन घालून गेल्यात बाई!" पुन्हा हसू उसळले, आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले, आणि मग ते हसू ज्या पद्धतीने विझले ती मी विसरलेले नाही. एकेक तोंड आपापल्या दशमीकडे वळले. कारंज्याचे पाणी रंग बदलत होते. "आन् आपुन हितं भाकरी राखीत बसायचं," चौसाळ्याची म्हणाली, आणि चटणीची पुडी तिने माझ्यापुढे सरकवली.

दुसरा देश दुबई. तिथे मुलगा नोकरीला होता. "आई, दुबई बघायला ये," असे त्याने बोलावले, आणि मी पोहोचले त्याच संध्याकाळी मला कळले की त्यांच्याकडची मुले सांभाळणारी बाई काम सोडून गेली आहे. तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने दुबईचेच नाव घेतले होते, आणि घर दुबईतच होते. खूप वरच्या मजल्यावर. खिडक्या न उघडणाऱ्या. त्या घराला कसलाही वास नव्हता, आणि याने मला पहिले काही दिवस अक्षरशः भोवळ आल्यासारखे होई. आमच्याकडे डोळे मिटले तरी सकाळ कोणती आणि दुपार कोणती हे नाकाला समजते. तिथे हवा धुऊन, गाळून, घडी घालून ठेवलेली असे.

समुद्र दिसायचा. लांबवर, दोन इमारतींच्या फटीत, एखाद्या इरकलीच्या काठाएवढा. सकाळी तो राखाडी असे, दुपारी पांढरा, संध्याकाळी काही क्षण जांभळा. नातवाला भरवताना मी त्याच्याकडे पाही. त्याचा आवाज वर पोहोचत नसे. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा मुका पाहिला. मुलगा म्हणे, "सुटीच्या दिवशी नक्की जाऊ." सुटीच्या दिवशी ती दोघे दमलेली असत, आणि दमलेल्या लेकराला समुद्र दाखव म्हणायला माझी जीभ रेटत नसे. एकदा गेलो ते बर्फ पाहायला. वाळवंटातल्या बाजारात, काचेमागे, यंत्राने पाडलेला बर्फ. सूनबाईंनी माझा फोटो काढला आणि यजमानांनी तो दुकानात लावला. फोटोत मी हसते आहे.

तरीही, दोन्ही देशांची माझी तक्रार अशी होती की ती सोसता यावी. माणसे आपल्याला ज्या कामासाठी बोलावतात ते काम आणि आपण ज्या आशेने जातो ती आशा, यांचा मेळ क्वचितच बसतो. मी तेवढी प्रौढ झाले होते. तिसऱ्या देशाचे बोलावणे मात्र वेगळे होते.

मुलीला पहिल्यांदा दिवस राहिले होते. सातवा महिना असेल. तिने फोनवर, हळू आवाजात, मला विचारले, "आई, मामीच्या बाळंतपणात तू धुरी द्यायचीस, आठवतं? मी पलंगाच्या पायाशी बसून तो वास घ्यायचे. मला ती धुरी पाहिजे. सगळं घेऊन येशील?"

आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घातले की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतात. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं आणि चिमूटभर ऊद टाकायचा. वर पांघरूण धरायचे. धूर अंगाला लागतो, केसांतले पाणी सुकते, हाडांत शिरलेला गारठा निघून जातो असे मानतात. बाळालाही त्या धुरावरून हलकेच फिरवतात. ते शास्त्रात बसते की नाही, यावर मी वाद घालणार नाही. एवढे मात्र खरे की तो वास नाकात गेला की बाई जिवंत परत आली असे घराला वाटते.

परदेशातून कोणीतरी मला, केवळ मलाच येते अशा एका गोष्टीसाठी बोलावले होते. मी किती सुखावले! समोरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सारी गल्ली अक्का म्हणते, त्यांनी बाळंतशेपा स्वतः निवडून दिला. "लेकीनं तिकडं ऱ्हाऊन बी धुरी मागितली म्हंजी पोरगी आपली हाय," त्या म्हणाल्या आणि पुडीला दोन गाठी मारल्या.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्या गळ्यातला चौका वाजला. आम्ही लिंगायत, चांदीच्या त्या डबीत इष्टलिंग असते आणि ते अंगावरून उतरवत नाहीत. मुंबईत यजमान मला पोहोचवायला आले असताना आधीच बजावून गेले होते, "काढ म्हटलं की काढायचं, तिथं आपला धर्म सांगत बसू नको." पण जर्मनीत उतरून पुढचे विमान धरताना तपासणी करणाऱ्या बाईने मला बाजूला घेतले, हातमोजे बदलले, डबी माझ्याच गळ्यात राहू देऊन आपल्या तळव्यावर अलगद तोलली आणि डोळ्यांनी विचारले. मी छातीवर हात ठेवला. तिने मान हलवली आणि जा म्हणाली. परक्या बाईने दाखवलेला तो आदर मी नंतरच्या महिन्यांत वारंवार आठवला, कारण तुलना करण्याची वेळ वारंवार आली.

त्या देशाबद्दल मला वाईट बोलता येत नाही. हिवाळा सरत होता. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळवंडून, जुन्या कापसासारखा पडलेला. ओल्या लाकडाचा वास. पावाच्या दुकानातून येणारी ऊब मला थेट हुरड्याच्या आगटीपाशी नेई. खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहत. रोज सकाळी त्या कचऱ्याच्या पेट्यांपाशी भेटत आणि नमस्कारादाखल "मोर्गन" म्हणत. मी त्यांना "मोर्गन" म्हणे. आमचे संभाषण तेवढेच, पण त्यात कुठेही खोट नव्हती.

मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, ती घरी आली. जावई पुण्याचे, शिस्तीचे, स्वभावाने चांगले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी छतावरची पांढरी गोल चकती दाखवली होती. धूर झाला की ती किंचाळते, म्हणून फोडणी जपून द्यायची. ते कामावर गेल्यावर मुलीने मला आपली युक्ती दाखवली. आंघोळीच्या वेळी केसांवर घालायची प्लास्टिकची टोपी तिने झाडूच्या दांड्याने त्या चकतीवर चढवली. "मी नेहमी असंच करते," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस हं." आम्ही दोघी हसलो. लहानपणी माझ्यापासून लपवून कैऱ्या खाताना ती अशीच हसे.

धुरीसाठी त्या सकाळी टोपी तिनेच चढवली. बाळंतपणातून उठलेल्या बाईने हात वर करू नयेत म्हणून मी रागावले, तर म्हणाली, "तुला जमायचं नाही, आई." गच्चीतल्या पेटीतले कोळसेही तिनेच दाखवले, उन्हाळ्यात मित्रांसाठी मांस भाजायला आणलेले. मी ते गॅसवर फुलवले आणि बिडाच्या कढईत घेतले. तिला न्हाऊ घातले. बाळाला घातले. निखाऱ्यांवर मूठ सोडली.

वास उठला. त्या पांढऱ्या, स्वच्छ, परक्या खोलीत एकाएकी माझ्या आईचे हात होते, माझ्या सासूबाईंचे होते, ओल्या केसांचे भारे होते, ओव्याच्या तडतडीखाली कुजबुजणाऱ्या बायका होत्या. मुलीने डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळले. "आई, आता बरं वाटलं," ती म्हणाली. हे ती म्हणाली. माझ्यापाशी याचा साक्षीदार नाही. जो होता तो पाळण्यात झोपलेला होता.

धूर दाटला तेव्हा तिनेच खिडकी उघडायला सांगितले. मी उघडली. समोरच्या इमारतीतल्या कुणाला तरी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून धुराचा लोट बाहेर पडताना दिसला, आणि त्यांनी, शहाण्या शेजाऱ्यांनी करायचे तेच केले. थोड्याच वेळात जिन्यात जड बुटांचा आवाज आला. दारावर थापा. हेल्मेट घातलेली उंच माणसे आत आली, एकाने कढई उचलून नेली, दुसऱ्याने आम्हाला खाली उतरायला लावले.

आम्ही रस्त्यावर उभ्या होतो. माझी नुकती न्हालेली लेक, केस ओले, अंगावर चादर, छातीशी बाळ, आणि घराजवळच्या नदीकडून येणारा सुरीसारखा वारा. ज्या गारठ्यापासून तिला वाचवायचे, त्याच गारठ्यात तिला मी उभी केली होती. मी माझी शाल तिच्या डोक्यावर ओढली. खालच्या वृद्ध बाईंनी घरातून आपला कोट आणून तिच्या खांद्यांवर टाकला. सारी इमारत बाहेर आली होती. दोन लाल गाड्यांचे दिवे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत होते.

जावई सायकलवरून धापा टाकत आले. तेवढ्यात वरून एक जवान उतरला. त्याच्या दोन बोटांत ती प्लास्टिकची टोपी होती. त्याने काही विचारले. मुलीने उत्तर दिले. मला त्यांची भाषा येत नव्हती. मला एवढेच दिसले की ती बोलली, आणि मग त्या जवानाने, जावयांनी, आसपासच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. अडाणी म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तसे, सांभाळून घेत. मी त्यांना हात जोडले. मला वाटले, तिने सांगितले असेल की ही माझी आई, हिला घाबरवू नका.

संध्याकाळी जेवताना जावई अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आई, मी रागावलेलो नाही. तुमच्याकडे हे सगळं चालतं, मला समजतं. पण तो डिटेक्टर झाकणं म्हणजे गुन्हा आहे इथे. घरमालक घर खाली करायला सांगू शकतात. तिने तुम्हाला नको म्हटलं होतं ना? निदान तिचं तरी ऐकायचं."

मी मुलीकडे पाहिले. ती बाळाच्या मानेच्या वळीतून दुधाचा ओघळ पुसत होती. फार बारकाईने पुसत होती.

 ताटातला वरणभात निवत होता. ती वर बघेल, असे मला वाटले. तिने वर बघितले असते तर मी सगळे माफ केले असते.

"चुकलं," मी म्हणाले.

ओली बाळंतीण, परका देश, नवरा-बायकोत नव्या बाळाच्या पहिल्याच दिवसांत भांडण नको. एवढा विचार एका घासात मावतो. आणि मला खात्री होती की चार दिवसांनी ती स्वतःच सांगेल. चार दिवस गेले. मग मी महिनाभर वाट पाहिली. तिचे डिंकाचे लाडू वळले, बाळाला तेल चोळले, रात्रीची दुधे गरम केली, आणि ती दर वेळी दुसरेच काही बोलली. फोडणी द्यायची झाली की जावई आता स्वतः ओट्यापाशी येऊन उभे राहत. एकदा त्या दोघांच्या एका मैत्रिणीला मुलगी सांगत होती, या वेळी इंग्रजीत, जे मला येते, "माझी आई खेड्यातली आहे, तिला या गोष्टी समजत नाहीत." तीस वर्षे मी कविता शिकवली. तिला तिचे पहिले इंग्रजी वाक्यही मीच शिकवले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटी नदीवर गेले. कुणाला विचारले नाही. घरापासून ती हाकेच्या अंतरावर होती. काठावर उतरायला दगडी पायऱ्या होत्या. मी पाण्यात हात घातला. थायलंडच्या नदीची, दुबईच्या समुद्राची सारी तहान त्या एका स्पर्शाने भागावी, असे मला अगदी मनापासून वाटत होते. पाणी गार होते. मला काहीही वाटले नाही. मी हात पदराला पुसला आणि परत आले.

नातवाचा पहिला वाढदिवस पुण्यात झाला. हॉल, फुगे, दोन्हीकडची माणसे. जेवणे झाल्यावर कुणीतरी मुलीला जर्मनीच्या गमती सांग म्हणाले. ती उभी राहिली. "आमच्या आईने तिकडे फायर ब्रिगेड आणली!" तिने सुरुवात केली. तिने माझी नक्कल केली. पदर खोचलेली मी, कढईत फुंकर घालणारी मी, जवानांना हात जोडणारी मी. ती नक्कल चांगली होती. तिला माझे हात नीट ठाऊक आहेत. टोपीपाशी आल्यावर ती हसू न आवरून थांबली. "आणि टोपी, अहो, माझी शॉवर कॅप!" सारा हॉल हसला. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हौस असते हो त्यांना. पण जागा बघायला नको?" सर्वांत मोठ्याने यजमान हसत होते.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "कावून तोंड पाडून बसलीस? पोरीनं गंमत केली."

मी त्यांना खरे काय ते सांगितले. टोपी कोणाची, कोळसे कोणी दाखवले, धुरी कोणी मागितली. त्यांनी काच खाली करून बाहेर डोकावले. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली होती.

"मग तवाच बोलायचं हुतं," ते म्हणाले. "आता उकरून काय करती? तिचा संसार हाय."

म्हणजे त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना फरक पडला नाही, एवढेच.

हे सारे मनात असताना गेल्या आठवड्यातला तो फोन आला होता. मी अट घातली, पडदा काळा झाला, आणि आठवडाभर कोणी बोलले नाही. काल पुन्हा फोन आला. या वेळी चौकटीत दोघे होते. जावई थोडे गोंधळलेले. "आई, ही म्हणते तुम्ही नाराज आहात. माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही," मी म्हणाले. "तिला तुम्हाला काही सांगायचं आहे."

ते तिच्याकडे वळले. मीही पाहिले. पडद्यावर माणसाचे डोळे नेमके कुठे बघतात ते कळत नाही, पण मला कळले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, सरळ. त्या नजरेत विनवणी होती आणि तिच्याखाली, पातळ थराखाली, राग. मग तिने ओठ ओले केले.

"अरे, आईचे गुडघे फार दुखतात," ती म्हणाली. "तिला विमानात बसवत नाही. तुला सांगायला तिला संकोच वाटतो. म्हणून मीच म्हटलं, या वेळी तुझ्या आईला बोलावू."

"असं होय! अहो, मग आधी नाही का सांगायचं?" जावयांचा चेहरा मोकळा झाला. "काळजी घ्या, आई. एक्स-रे काढून घ्या."

"घेते," मी म्हणाले.

आज सकाळपर्यंत ते गावभर झाले होते. यजमानांनी दुकानात सांगितले, दुकानाने गल्लीला. दुपारी अक्का तेलाची वाटी घेऊन आल्या, निरगुडीचे तेल, स्वतः कढवलेले. पायरीवरच बसल्या.

"मला कावून न्हाई बोलल्या? येवढं दुखतंय अन् गप बसल्यात! पाय हिकडं करा."

मी नको म्हणाले. त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला. त्यांना खरे सांगायचे तर त्यांनीच गाठी मारलेल्या त्या पुडीचे पुढे काय झाले तेही सांगावे लागले असते, आणि मग माझी लेक या गल्लीत पुन्हा कधी मान वर करून आली नसती. कोमट तेल गुडघ्यावर पसरले. त्याचा कडवट, हिरवा वास आला. त्यांचे अंगठे हाडाच्या वाटीभोवती फिरू लागले. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी अजून रोज गावाबाहेरच्या पिसाटीच्या माळापर्यंत चालत जाते.

"हितं दुखतंय?"

"हो."

"लई?"

"लई," मी म्हणाले, आणि अक्कांनी त्या जागी अंगठा आणखी जोराने दाबला.